सगळेच करतात, पण सगळ्यांनी केलं तर?

कांटचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यासमोर एक ठराविक माणूस उभा राहतो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पुढ्यात नियमांचं पुस्तक, आणि एक रकाना रिकामा राहिला म्हणून तुमचा फॉर्म परत करणारा. "नियम म्हणजे नियम" टाइप. कर्तव्यावर उभी असलेली नीती म्हणजे हेच, बाकी काही नाही, असं मला चांगल्या शिकलेल्या लोकांनी सांगितलंय आणि मला ते अजिबात पटत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. मी तत्त्वज्ञान शिकवत वगैरे नाही, एका पतसंस्थेत कर्ज आणि वसुली बघतो. पण कांटने आपली सगळी इमारत ज्या उदाहरणांवर उभी केलीय ना, ती बघा: दुकानदाराचा भाव, हातउसने पैसे, खोटं आश्वासन. म्हणजे आमचं रोजचं काउंटर.

माणूस थोडक्यात सांगतो. इमॅन्युएल कांट, जन्म 1724, मृत्यू 1804, सगळं आयुष्य क्योनिग्सबर्ग आणि त्याच्या आसपास गेलं, तेव्हा ते प्रशियात होतं, आज रशियाचं कालिनिनग्राद. वडील घोड्यांचं चामडी सामान बनवणारे कारागीर. लग्न केलं नाही. दुपारी ठरल्या वेळेला फिरायला निघायचा आणि लोक म्हणे त्याच्यावर घड्याळं लावायचे, ही गोष्ट जो तो सांगतो म्हणून मीही सांगून टाकली, नीतीशी तिचा काही संबंध नाही. नीतीवरचं त्याचं पहिलं मोठं पुस्तक 1785 चं, पानांनी लहान, वाचायला महाभयंकर.

त्या काळापासून आजपर्यंत भांडण साधारण एकच आहे. एक बाजू म्हणते, कुठल्याही कृतीचा परिणाम बघा, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होत असेल तर ती बरोबर. बेंथम, मिल वगैरे इंग्रज विचारवंत मंडळी. टिळकांनी याला "पुष्कळांचे पुष्कळ सुख" असं म्हणून चांगला समाचार घेतलाय. दुसरी बाजू कांटची. परिणाम काय होईल ते पूर्णपणे कुणाच्याच हातात नसतं, हातात असतो तो हेतू, आणि काही गोष्टी अशा आहेत की हिशोब कितीही फायद्याचा निघाला तरी त्या करायच्या नाहीत.

आता दुकानदार. माझ्या मामांचं बार्शीला किराणा दुकान होतं, आता मामेभाऊ बसतो गल्ल्यावर. मी सुट्टीत तिथेच पडीक असायचो. एखादं बारकं पोरगं चिठ्ठी घेऊन यायचं, मुठीत घामाने ओली झालेली नोट, चिठ्ठीत आईने लिहिलेलं अर्धा किलो साखर, पाव किलो तूरडाळ, चहाची एक पुडी. पोराला ना भाव माहीत ना वजन कळत. मामा काय करायचे तर आधी रिकामी खाकी पिशवी एका पारड्यात टाकायचे, दुसऱ्या पारड्यात चिंचोके टाकून धडा करायचे, आणि मग साखर ओतायचे. म्हणजे पिशवीचं वजन साखरेत धरलं जाणार नाही. उरलेले सुट्टे पैसे त्याच चिठ्ठीत गुंडाळून पोराच्या खिशात कोंबायचे आणि वरनं "पळत जाऊ नको रे" म्हणायचे. मी एकदा विचारलं, मामा, पिशवीसकट तोललं असतं तर त्याला काय कळणार होतं? मामा म्हणाले, "त्याला नाही कळत, त्याच्या आईला कळतंय की. घरी जाऊन वाटीनं मोजती ती. एकदा का मापात पाप झालं की गिऱ्हाईक तुटलं, अन् एक तुटलं की सगळी गल्ली तुटती बघ."

1785 च्या पुस्तकात कांटने अगदी हाच माणूस उभा केलाय. अननुभवी गिऱ्हाइकाला जास्त भाव न लावणारा दुकानदार, ज्याच्याकडून लहान मूलसुद्धा इतरांइतक्याच भावात माल घेऊ शकतं. आणि मग कांट म्हणतो, हा माणूस वागला बरोबर, पण धंदा टिकावा म्हणून वागला, तेव्हा यात नैतिक मोठेपणा काही नाही. मला आधी रागच आला. अरे बाबा, पोराला साखर पूर्ण मिळाली ना, मग कारण काय का असेना! पण त्याचा मुद्दा दुकानदाराला कमी लेखायचा नाहीये. त्याचा प्रश्न असा की ज्या दिवशी प्रामाणिकपणा आणि फायदा यांच्या वाटा वेगळ्या होतील त्या दिवशी हा माणूस काय करेल? आणि असा दिवस बार्शीत दर वर्षी यायचा. आषाढीनंतर पंढरपूरहून परतणारे वारकरी भगवंताच्या दर्शनाला गावात येतात, दुकानातून गूळ-शेंगदाणे घेतात, कोण कुठला, परत तोंड दिसेल की नाही माहीत नाही. तिथे "गिऱ्हाईक तुटतं" हे कारण गळून पडतं. मामा तेव्हाही धडा करूनच तोलायचे. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तसंच असतंय ते." बस. कांटला जे म्हणायचं होतं ते माझ्या मते एवढंच आहे, त्याने त्यासाठी पानंच्या पानं खर्ची घातली एवढाच फरक.

पण "तसंच असतंय" याच्यावर माणूस किती दिवस भागवणार, कारण "तसंच असतंय" म्हणून लोक काय काय करतात ते आपण बघतोच. म्हणून कांट एक कसोटी देतो. तुम्ही जे करायला निघालाय त्यामागचा नियम काय ते आधी स्वतःशी सरळ शब्दांत बोला, आणि मग बघा, हाच नियम सगळ्यांनी पाळावा असं तुम्हाला म्हणता येईल का. त्याचं स्वतःचं उदाहरण आहे खोट्या आश्वासनाचं: मला पैशाची नड आहे, फेडू शकणार नाही हे मला पक्कं माहीत आहे, तरी फेडतो म्हणून मी उसने घेतो.

हा माणूस मला नावानिशी माहीत आहे, एक नाही, भरपूर. "साहेब, पुढच्या महिन्यात नक्की, कांदा विकला की पहिला हप्ता तुमचा." यातले बरेचसे खरंच अडचणीत असतात, पाऊस दगा देतो, भाव पडतो, ते खोटारडे नव्हेत आणि कांटही त्यांना खोटारडे म्हणणार नाही, फेडायचा हेतू होता पण जमलं नाही ही वेगळी गोष्ट. मी बोलतोय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल, ज्याने सही करतानाच मनात ठरवलेलं असतं की एक हप्ता भरायचा आणि मग फोन उचलायचा नाही. आता असं बघा, या माणसाची सगळी भिस्त कशावर आहे? बाकीचे कर्जदार शब्द पाळतात यावर. ते पाळतात म्हणून संस्था चालते, म्हणून काउंटरवर शब्दाला किंमत आहे, म्हणून याचा खोटा शब्द खपतो. सगळेच त्याच्यासारखे निघाले तर "फेडतो" या शब्दाला कोणी विचारणार नाही आणि त्याला फसवायलाही काही उरणार नाही. हे कळायला कांट कशाला हवा, आमचा कर्ज अर्ज बघा: दोन जामीनदार, पगारपत्रक, कोरे चेक, वर आणखी तारण. ही सगळी भेंडोळी म्हणजे आधी कोणीतरी मोडलेल्या शब्दांची वसुली आहे आणि ती भरतो कोण, तर ज्याने कधी हप्ता चुकवला नाही तो.

इथे एक घोळ नेहमी होतो. लोक म्हणतात म्हणजे कांटसुद्धा परिणामच बघतोय की, सगळ्यांनी केलं तर वाईट होईल असंच तर म्हणतोय. नाही. एकट्याने खोटं आश्वासन दिलं म्हणून पतसंस्था बुडत नाही, परिणामाच्या हिशोबात त्याचं एकट्याचं पाप नगण्य आहे आणि तो माणूस नेमकं हेच म्हणतो, "माझ्या एकट्याच्या पन्नास हजारांनी काय होतंय?" कांटचा आक्षेप वेगळा आहे. तुला नियम सगळ्यांसाठी हवाय आणि स्वतःपुरती सूट हवीय, या दोन गोष्टी एका तोंडाने तू मागूच शकत नाहीस. कांटने हेही लिहून ठेवलंय की आपण चुकीचं वागतो तेव्हा तो नियम जगाचा व्हावा असं आपल्याला मुळीच वाटत नसतं, फक्त स्वतःसाठी, तेही या एका वेळेपुरता, अपवाद करायचा असतो. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या नीतीचं मर्म या सूट मागण्यात आहे. आपल्याकडचं लाडकं समर्थन काय, तर "सगळेच करतात." सिग्नल सगळेच तोडतात, फ्लॅटच्या व्यवहारात थोडे कॅश सगळेच घेतात. कांट फक्त वाक्य बदलतो, सगळ्यांनी केलं तर चालेल का तुला? आणि गंमत म्हणजे सिग्नल तोडणाऱ्याला दुसऱ्याने तोडलेला सिग्नल सर्वात जास्त झोंबतो.

कसोटीला भोकं आहेत, नाहीत असं नाही. नियम इतका बारीक करायचा की तो फक्त मलाच लागू पडेल, "ज्याच्या मुलीचं लग्न वैशाखात आहे आणि ज्याला शेजाऱ्याने फसवलंय अशा माणसाने हप्ता बुडवावा", हा नियम जगभर केला तरी काही बिघडत नाही! वकिली डोक्याचा माणूस यातून कुठेही निसटू शकतो. पण मग प्रश्न येतो की तू खरंच याच नियमाने वागतोयस की निसटायला नियम शिवून घेतलायस, आणि त्याचं उत्तर ज्याचं त्यालाच माहीत असतं.

बरं, कर्तव्य म्हटलं की आपल्याकडे लगेच हुकूम डोक्यात येतो. वरून सांगितलं, मी केलं, माझं कर्तव्य होतं. याचं सगळ्यात भयानक उदाहरण 1961 चं, जेरुसलेममध्ये अडॉल्फ आइशमानवर खटला चालू होता, लाखो ज्यूंना छळछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांची व्यवस्था बघणारा हा माणूस, आणि चौकशीत तो म्हणाला की आपण आयुष्यभर कांटच्या कर्तव्याच्या कल्पनेप्रमाणे जगलो. कोर्टात एका न्यायाधीशांनी खोलात विचारलं तर त्याने कांटचं सूत्र बऱ्यापैकी बरोबर सांगितलंसुद्धा. तत्त्वचिंतक हाना आरेंटने खटल्यावर लिहिताना हा प्रसंग पकडलाय. पाठ असणं आणि कळणं यात किती अंतर असतं ते यापेक्षा चांगलं कुठे दिसणार नाही. कांटच्या नीतीत नियम देणारा कोण, तर तुझीच विवेकबुद्धी. साहेब नाही, राजा नाही, त्याच्या मते देवाने सांगितलं म्हणून करणं हेसुद्धा अजून नीती नाही. तिथे हिटलरला बसवलं की उरतं काय? अर्थात कांटला सगळं माफ करून चालणार नाही, राज्यसत्तेविरुद्ध बंड करायचा हक्क त्याने साफ नाकारला होता, आणि हा भाग वाचताना मला तो फार प्रशियन वाटतो.

दुसरी तुलना गीतेशी, ती तर ठरलेलीच. फळाची आशा धरू नको, कर्म कर, म्हणजे कांटच की! वरवर बघितलं तर जुळतं खरं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिलं त्यात कांट, ग्रीन, मिल सगळ्यांना समोर बसवून हिशोब मांडलाय, आजही ते वाचायला मजा येते, एका राजकीय कैद्याने युरोपातल्या तत्त्वज्ञांशी मांडलेलं भांडण. पण मला एक अडचण कायम जाणवते. गीतेत कर्तव्य येतं ते स्वधर्मातून, तू क्षत्रिय म्हणून लढ. कांटच्या कसोटीत तू कोण, कुठल्या घरात जन्मलास याला जागाच नाही, जो नियम कोणीही उचलू शकत नाही तो नियमच नाही. बाबासाहेबांनी गीतेवर जी टीका केली ती याच ठिकाणी बोट ठेवते, की चातुर्वर्ण्याला तात्त्विक टेकू देणारं कर्तव्य हे कसलं कर्तव्य. जन्माने वाटून दिलेली ड्युटी ही कांटच्या हिशोबात एकाला सूट आणि दुसऱ्याला ओझं एवढंच ठरेल. त्यापेक्षा रामशास्त्री मला कांटच्या जास्त जवळचे वाटतात. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि शास्त्रीबुवांनी राघोबादादांना तोंडावर सांगितलं की याला देहान्त प्रायश्चित्त. गादीवर बसलेल्याला वेगळा कायदा नाही. एवढं सांगून पुणं सोडलं.

आता कांटची सगळ्यात बदनाम गोष्ट. 1797 मध्ये बेंजामिन कॉन्स्टंट नावाच्या फ्रेंच लेखकाला उत्तर म्हणून त्याने एक छोटा निबंध लिहिला. प्रश्न असा: तुमचा मित्र जीव वाचवायला तुमच्या घरात लपलाय, मारेकरी दारात येऊन विचारतो, तो आत आहे का? खोटं बोलायचं की नाही? कांट म्हणतो, नाही. इथेसुद्धा नाही. वर म्हणतो, तुम्ही खोटं सांगितलंत आणि तेवढ्यात मित्र मागच्या दाराने बाहेर पडला आणि मारेकऱ्याला रस्त्यात सापडला तर? मग त्या खोट्याची जबाबदारी तुमच्यावर. हे वाचून बहुतेक लोक पुस्तक मिटतात.

आपल्याकडे हाच पेपर फार आधी फुटला होता. कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे, कायम खरं बोलायचं हे त्याचं व्रत. चोरांना भिऊन पळालेली माणसं त्याच्या जवळच्या रानात लपली, मागून चोर आले, विचारलं, याने व्रत पाळलं आणि जागा दाखवली. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट कृष्ण सांगतो अर्जुनाला, आणि कधी, तर गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याला ठार मारीन या प्रतिज्ञेपायी अर्जुन सख्ख्या मोठ्या भावावर तलवार काढून उभा असतो तेव्हा. (कृष्णाने त्यातून काढलेली पळवाट म्हणजे वडीलधाऱ्याला अरे-तुरे केलं की तो मेल्यासारखाच, तेवढं कर आणि प्रतिज्ञा पुरी झाली समज. हे आजच्या घरांना लावलं तर कठीण आहे.) इथे मी सरळ कृष्णाच्या बाजूने आहे. दारात मारेकरी असेल तर मी खोटं बोलेन, डोळ्यात डोळे घालून बोलेन.

पण कांट का अडून बसतो तेही बघायला हवं, कारण एकदा "चांगल्या कामासाठी खोटं चालतं" म्हटलं की प्रत्येकाचं काम चांगलंच असतं. आणि ज्यांना खोटं बोलवत नाही पण काम तर साधायचंय ते काय करतात, तर नरो वा कुंजरो वा. धर्मराजाने केलं तेच. शब्द खरे, फसवणूक पुरी. महाभारताने त्याला सोडलं नाही, जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा रथ खाली आला. कांटने स्वतः काय केलं ऐका. त्याच्या धर्मविषयक लिखाणामुळे प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश विल्हेल्म भडकला, 1794 मध्ये समज दिली. कांटने लेखी कळवलं की "महाराजांचा अत्यंत निष्ठावान प्रजाजन म्हणून" मी यापुढे धर्मावर जाहीर बोलणार नाही. राजा 1797 मध्ये वारला. 1798 मध्ये कांटने पुन्हा धर्मावर छापलं आणि प्रस्तावनेत सांगून टाकलं की ते शब्द मी मुद्दाम निवडले होते, म्हणजे वचन या महाराजांच्या हयातीपुरतंच राहील! मारेकऱ्यालाही खोटं सांगू नका म्हणणारा हाच माणूस. मला हे वाचून कांट आवडायला लागला, खरं सांगतो. रथ खाली आलेला माणूस निदान आपल्यातला वाटतो.

या सगळ्यात खोटं बोलण्याच्या प्रकरणाने दुसरं सूत्र झाकलं जातं, आणि माझ्या मते जास्त वजनदार तेच आहे. माणसाला, मग तो दुसरा असो की तू स्वतः, केवळ साधन म्हणून वापरू नको. यातला "केवळ" महत्त्वाचा, कारण वापरतो तर आपण सगळेच एकमेकांना, रिक्षावाल्याला मी स्टेशनला जायला वापरतो आणि तो मला भाड्यासाठी, दोघांच्या मर्जीने, त्यात काही वावगं नाही. मर्जी विचारायची सोयच ठेवली नाही की मग माणसाची वस्तू झाली. कांट म्हणतो, जगात काही गोष्टींना किंमत असते, तिच्या जागी तेवढ्याच किमतीचं दुसरं ठेवता येतं. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. त्याच्या बदली काही ठेवता येत नाही.

हे भाषण वाटत असेल तर जर्मनीत काय झालं बघा. नाझी राजवटीची राख समोर असताना 1949 मध्ये त्यांनी राज्यघटना लिहिली आणि पहिल्याच कलमात घातलं की माणसाच्या प्रतिष्ठेला हात लावता येणार नाही. पुढे 11 सप्टेंबर 2001 झालं, 2003 च्या जानेवारीत एकाने छोटं मोटार-ग्लायडर पळवून फ्रँकफर्टच्या उंच इमारतींवर घिरट्या घातल्या, आणि 2005 मध्ये कायदा आला: अपहृत प्रवासी विमान लोकांवर आपटायला चाललं असेल तर शेवटचा उपाय म्हणून सैन्याने ते पाडावं. हिशोब सरळ आहे, आतले तसेही मरणारच, निदान खालचे वाचतील. 15 फेब्रुवारी 2006 ला कार्ल्सरूहच्या कोर्टाने, म्हणजे जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने, ती तरतूद रद्द केली. एक कारण सैन्याच्या अधिकाराचं होतं, पण गाजलं ते दुसरं. विमानातले निरपराध प्रवासी आधीच अपहरणकर्त्यांच्या हातातली वस्तू झालेत, आता सरकारही त्यांना दुसऱ्यांना वाचवायचं साधन म्हणून वापरणार. तसेही मरणार आहेत हे कारण चालणार नाही, आयुष्य किती उरलंय यावर प्रतिष्ठा कमी-जास्त होत नाही. विमानात फक्त गुन्हेगारच असतील तर गोष्ट वेगळी, असंही कोर्टाने म्हटलं, कारण ते आपल्याच कृतीची फळं भोगतायत.

लोकांना हे पटलं का? 2016 मध्ये जर्मन टीव्हीवर असंच विमान पाडणाऱ्या वैमानिकाचा काल्पनिक खटला दाखवून प्रेक्षकांचं मत घेतलं, जवळपास 87 टक्के लोकांनी त्याला निर्दोष ठरवलं. आपल्याकडे 2005 च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने जे अपहरणविरोधी धोरण मंजूर केलं त्यात असं विमान पाडायची मुभा आहेच. मतदानात मी कुठे असतो सांगू? कागदावर विचारलं तर कोर्टाबरोबर. त्या विमानात बायको-पोरं असतील तर नक्कीच कोर्टाबरोबर. खाली स्टेडियममध्ये असतील तर माहीत नाही, आणि याच कारणासाठी असले निर्णय माझ्यासारख्याच्या त्या क्षणीच्या मतावर ठेवू नयेत असं मला वाटतं.

दोन कर्तव्यं समोरासमोर आली तर काय, हे कांट नीट सांगत नाही, ते ऑक्सफर्डच्या डब्ल्यू. डी. रॉसने 1930 मध्ये सांगितलं. त्याच्या मते कर्तव्यं एकाच सूत्रातून निघत नाहीत, बरीच असतात, शब्द पाळणं, केलेलं नुकसान भरून देणं, उपकाराची जाण, न्याय, दुसऱ्याचं भलं, स्वतःची सुधारणा, कोणाला इजा न करणं. ही सगळी सकृद्दर्शनी कर्तव्यं. प्रत्यक्ष प्रसंगात यातलं कुठलं वरचढ ते तारतम्याने ठरवायचं, तक्ता मिळणार नाही. पण हरलेलं कर्तव्य नाहीसं होत नाही, हे त्याचं म्हणणं मला फार कामाचं वाटतं. अपघातातल्या माणसाला दवाखान्यात नेलं म्हणून मित्राला दिलेली वेळ चुकली, तर बरोबरच केलं, तरी मित्राला फोन करून सांगणं आणि त्याचं काही बिघडलं असेल तर निस्तरणं उरतंच. वर म्हटलं तसं मी मारेकऱ्याला खोटं सांगेन, पण त्याने "खोटं चालतं" असा नियम होत नाही.

आणि यातलं सगळ्यात अवघड प्रकरण पुन्हा फ्रँकफर्टचंच आहे. सप्टेंबर 2002, एका बँकर कुटुंबातल्या अकरा वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं, करणारा कायद्याचा विद्यार्थी. दहा लाख युरोंची खंडणी घेतली, पकडला गेला, पण मुलगा कुठे आहे ते सांगेना. पोलिसांना वाटत होतं मुलगा कुठेतरी कोंडलेला असेल, जिवंत असेल, तास भराभर चाललेत. शहराचे पोलीस उपप्रमुख वोल्फगांग डाश्नर यांनी हाताखालच्या अधिकाऱ्याला सांगितलं, मुलाची जागा सांगितली नाहीस तर असह्य वेदना देऊ अशी धमकी दे त्याला. धमकी दिली, त्याने थोड्या वेळात जागा सांगितली. मुलगा अपहरणाच्या दिवशीच मेला होता.

डाश्नर यांनी एक गोष्ट केली जी कुठल्याही पोलीस ठाण्यात सहसा होत नाही. आपण काय आदेश दिला ते त्यांनी स्वतः फाइलमध्ये लिहून ठेवलं. नसतं लिहिलं तर कैद्याचा शब्द विरुद्ध पोलिसांचा शब्द, मिटलं असतं प्रकरण. त्या नोंदीमुळे खटला उभा राहिला, डिसेंबर 2004 मध्ये डाश्नर आणि तो अधिकारी दोघंही दोषी ठरले, पण शिक्षा म्हणजे ताकीद आणि राखून ठेवलेला दंड, भरावा न लागणारा. म्हणजे चूक ती चूकच, आणि तुमची घालमेलही आम्हाला दिसते. अपहरणकर्त्याला 2003 मध्येच जन्मठेप झाली होती, तो पुढे स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेला आणि 2010 मध्ये त्यांनी मान्य केलं की त्याला दिलेली वागणूक अमानुष होती. 2011 मध्ये फ्रँकफर्टच्या कोर्टाने त्याला 3000 युरो भरपाई दिली. मुलाच्या खुन्याला, भरपाई.

हा आकडा वाचला तेव्हा माझं डोकं सणकलं, अजूनही सणकतं. मुलाच्या आईबापांनी तो कसा गिळला असेल! डाश्नर यांच्या जागी मी असतो तर तीच धमकी मीही दिली असती बहुतेक, फाइलमध्ये लिहिलं असतं की नाही याची मात्र मला खात्री देता येत नाही. आणि तरीही ते 3000 युरो द्यायला नको होते असं मला म्हणता येत नाही, कारण नको म्हणायला मला एक नियम लागेल, "पोलिसांना गुन्हेगाराची पुरती खात्री पटली असेल तर चालतं", आणि तो नियम आपल्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात कसा वापरला जाईल ते मला बऱ्यापैकी दिसतं.